पाणी वर का चढते? – रेणूंची ओढ आणि जमिनीतले मीठ

– ऊस विकास अधिकारी



पाण्याच्या पाळ्या किती द्याव्यात, पाट ठेवावा की ठिबक करावे, यावर या पत्रकातून पुष्कळ लिहून झाले आहे. या खेपेस पाळीचा हिशेब जरा बाजूला ठेवू आणि मुळात पाणी ही वस्तू कशी आहे ते पाहू. विषय रसायनशास्त्राचा आहे, पण घाबरण्याचे कारण नाही. ज्याने काहीलीत रस आटवला आहे, माठातले पाणी प्यायले आहे आणि समईची वात पेटवली आहे, त्याला यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

गटसभांमधून एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. ओढ्याकाठच्या एका वयस्कर सभासदांनी तो फार नेमका विचारला. ते म्हणाले, "साहेब, पाणी उताराला जातं हे लहान पोरालाबी कळतं. मग माझ्या रानात मीठ खालनं वर कसं येतं? त्याला कोण उचलतं?" उत्तर एका वाक्यात देता येते: मिठाला पाणी उचलते आणि पाण्याला माती उचलते. पण माती पाण्याला का उचलते, हे समजल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही. त्यासाठी थोडे खोलात जावे लागेल.

पाण्याचा रेणू

कोणताही पदार्थ सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. त्या कणाला रेणू म्हणतात. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू. शाळेत एच-टू-ओ म्हणून शिकवतात ते हेच. हे तीन अणू सरळ रेषेत नसतात. मध्ये ऑक्सिजन आणि दोन्ही बाजूंना खाली वाकलेले हायड्रोजन, अशी ती रचना. दोन हातांमधला कोन सुमारे १०४.५ अंशांचा.

आता यातली गोम अशी की ऑक्सिजन हा मोठा ओढाळ अणू आहे. भागीदारीतले इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढून धरतो. इलेक्ट्रॉन ऋण भाराचे, त्यामुळे ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण होते आणि हायड्रोजनची टोके किंचित धन होतात. ऋण आणि धन एकमेकांना ओढतात. म्हणून एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील लॅटिमर आणि रोडबुश या दोघांनी १९२० साली ही कल्पना पाण्याच्या संदर्भात मांडली.

रेणूच्या आतला अणूंचा बंध आणि दोन रेणूंमधला हा हायड्रोजन बंध यांत गल्लत करू नये. आतला बंध म्हणजे रक्ताचे नाते. बाहेरचा बंध म्हणजे जत्रेच्या गर्दीत धरलेला हात. ताकद पाहिली तर आतल्या बंधाच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकी. धरलेला हात सुटतो, लगेच दुसऱ्याचा धरला जातो. पाण्यात हे धरणे-सोडणे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात होत असते. तरी कोणत्याही क्षणी बहुतेक रेणू कोणाचा ना कोणाचा हात धरून असतातच.

ज्या पदार्थांत असे धन-ऋण टोक नसते, त्यांचे रेणूही एकमेकांना ओढतात, पण फार क्षीण. त्या ओढीला व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाचे नाव आहे. त्यांना १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रॉकेल, मेण, तेल यांचा कारभार मुख्यतः या क्षीण ओढीवर चालतो.

हात धरला नसता तर

स्पेंटवॉशच्या तळ्याकडून कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू हायड्रोजन सल्फाइड. त्याची घडण पाण्यासारखीच, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड. जड वस्तू उकळायला जास्त उष्णता लागावी, पण हा पठ्ठ्या शून्याखाली ६० अंशांवरच उकळतो! कारण गंधकाला ऑक्सिजनइतकी ओढ नाही. त्याचे रेणू एकमेकांचा हात धरत नाहीत. पाण्याचा रेणू त्याच्याहून हलका असूनही ते १०० अंशांना उकळते, ते केवळ हायड्रोजन बंधांमुळे. हे बंध नसते तर पृथ्वीवर पाणी वाफेच्याच रूपात राहिले असते. मग विहीर, नदी, ऊस आणि आपण कोणीच नसतो.

दुसरे उदाहरण डिस्टिलरीतले. अल्कोहोल आणि डायमिथाइल ईथर या दोन पदार्थांत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू अगदी सारखे, मोजून तितकेच. फरक फक्त मांडणीचा. अल्कोहोलमध्ये हायड्रोजनचा एक अणू थेट ऑक्सिजनला चिकटलेला आहे, म्हणून हात धरता येतो. ते ७८ अंशांना उकळते. ईथरमध्ये तसा हायड्रोजन नाही, तर ते शून्याखाली सुमारे २४ अंशांवर उकळून जाते. सामान तेच, बांधणी निराळी.

हे अल्कोहोल पाण्याचाही हात धरते. म्हणूनच साध्या ऊर्ध्वपातनाने त्यातले सगळे पाणी निघत नाही. वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. पुढे कितीही उकळा, वाफेत दोन्ही त्याच प्रमाणात येतात. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल मात्र ९९.५ टक्क्यांच्या घरात, जवळजवळ कोरडे लागते. त्यासाठी रेणूंची चाळणी वापरतात. तिची छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा रेणू आत शिरून अडकतो आणि अल्कोहोलचा मोठा रेणू बाहेरून निघून जातो.

बर्फ पाण्यावर तरंगतो तेही याच बंधांमुळे. गोठताना प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर धरून उभा राहतो, मध्ये पोकळी राहते आणि आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडे त्याचा संबंध फारसा येत नाही, म्हणून पुढे जाऊ.

वाफ महाग असते

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे ३० अंशांचे पाणी उकळीला आणायला ७० किलोकॅलरी. पण उकळीला आलेल्या त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी ५४० किलोकॅलरी लागतात. इतकी उष्णता जाते कुठे? तापमान तर १०० च्या वर सरकत नाही. ती सगळी रेणूंचे हात सोडवण्यात खर्ची पडते.

माठाचे तेच. ३० अंशांच्या आसपास एक लिटर पाणी उडून जायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. २० लिटरच्या माठातून अर्धा लिटर पाणी पाझरून उडाले, तर २९० किलोकॅलरी आतल्या पाण्यातून निघतात. बाहेरची उष्णता आत आलीच नाही असे धरले, तर पाणी १४ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात इतके होत नाही, पण घोट घशाखाली उतरल्यावर फरक कळतोच. उसाचे पानही उन्हात पाणी उडवूनच स्वतःला थंड ठेवते.

कारखान्यात हा खर्च फार मोठा आहे. १५ ब्रिक्सचा १०० किलो रस ६० ब्रिक्सच्या पाकापर्यंत आटवायचा म्हणजे ७५ किलो पाणी उडवावे लागते. दर वेळी नवी वाफ द्यायची म्हटले तर कोणत्याही कारखान्याला बगॅस पुरला नसता. यावर तोडगा काढला नॉर्बर्ट रिलियो यांनी. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स येथे १८०६ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय वंशाचा इंजिनियर. गुलामगिरीच्या त्या काळात त्यांनी १८४३ आणि १८४६ साली आपल्या यंत्राची पेटंटे घेतली. युक्ती अशी की पहिल्या भांड्यातल्या रसातून निघालेली वाफ दुसरे भांडे तापवायला वापरायची, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवायचा म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो. चार भांडी असली की एक किलो वाफेत ढोबळमानाने चार किलो पाणी उडते. आपल्या कारखान्यात ज्यांना आपण बाष्पक म्हणतो ती उभी भांडी म्हणजे याच युक्तीचे वंशज होत.

जाता जाता एक. बगॅसमध्ये साधारण ५० टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो बगॅस जाळताना अर्धा किलो पाणी आधी उडवावे लागते आणि त्यात सुमारे ३०० किलोकॅलरी फुकट जातात. बॉयलर खात्याचे लोक ओल्या बगॅसवर का चिडतात, ते यावरून ध्यानात यावे.

साखर, गूळ आणि युरिया

साखरेच्या एका रेणूला हात धरण्याजोगी आठ टोके असतात. म्हणून ती पाण्यात एवढी विरघळते. २० अंशांच्या एक किलो पाण्यात सुमारे दोन किलो साखर सहज मावते. मीठ जेमतेम ३६० ग्रॅम मावते. साखर पाण्याला धरून ठेवते, म्हणून घट्ट पाक १०० अंशांना उकळत नाही. त्याला जास्त तापमान लागते. काहील उतरवताना तापमान ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान असते. गुळवे थर्मामीटर न लावता थंड पाण्यात गोळी करून पाहतात. त्या गोळीने ते उरलेले पाणीच मोजत असतात.

पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते, पण स्वच्छ साखरेला तसे सुटत नाही, हे घरच्या बायकांना विचारा. साखरेचे स्फटिक बनतात तेव्हा तिचे हात आपापसांतच गुंतलेले असतात. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते. उसात साखर फुटली की ही दोन तयार होतात. त्यातले फ्रुक्टोज हवेतल्या ओलाव्याला फार ओढते. म्हणून शिळ्या उसाचा गूळ लवकर पाघळतो. तोडलेला ऊस फडात ठेवू नका, त्याच दिवशी गाडीत भरा, असे आम्ही कंठशोष करून सांगतो त्याला हेही एक कारण आहे. गूळ असो की साखर, फुटलेल्या साखरेचे दाणे होत नाहीत. ती मळीत जाते.

युरियाची गोष्ट तीच. उघड्या गोणीतला युरिया पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून ढेकळे धरतो. बादलीत विरघळवताना बादली गार पडते, हे सर्वांनी अनुभवले असेल. युरियाचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ते सुटे करायला लागणारी उष्णता पाण्यातूनच घेतली जाते. हाच युरिया ओल्या मातीवर उघडा टाकला तर त्याचा अमोनिया होऊन उडतो. अमोनियाला पाण्याची ओढ जबरदस्त आहे. म्हणून खत मातीआड केले, वरून हलके पाणी दिले, की अमोनिया मातीतल्या ओलाव्यात अडकतो. उघड्यावर फेकला तर तुमचे पैसे वाऱ्यावर.

माती पाण्याला कशी धरते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काळ्या जमिनीतल्या चिकणमातीचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. त्या जातीच्या एक ग्रॅम शुद्ध चिकणमातीचे सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर क्षेत्र ६०० ते ८०० चौरस मीटर भरते. म्हणजे चिमूटभर मातीत सहा ते आठ गुंठे! या सगळ्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची टोके आणि ऋण भार. पाण्याचे रेणू त्याला थरावर थर चिकटतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते, उडाले की भेगा पडतात.

कणाला अगदी लागून असलेला थर माती इतकी घट्ट धरते की उसाच्या मुळालाही तो सोडवत नाही. मुळाची ओढ साधारण १५ वातावरण दाबापर्यंत पुरते, त्यापुढे पीक सुकू लागते. भारी काळ्या जमिनीत त्या वेळीही वजनाने १८-२० टक्के पाणी शिल्लक असू शकते. "माती तर ओली लागते, मग ऊस का सुकतो?" या तक्रारीचे उत्तर हे. मुरमाड जमिनीत याच्या उलट. तिथे पृष्ठभाग कमी, पाणी धरायला जागाच नाही. एक मोठी पाळी देऊन उपयोग नसतो, थोडे थोडे वरचेवर द्यावे लागते.

वात आणि ज्योत

पाणी मातीकणाला चिकटते आणि पाण्याचे रेणू एकमेकांनाही चिकटतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पाणी बारीक नळीत आपोआप वर चढते. पहिला रेणू नळीच्या भिंतीला धरून एक पाऊल वर जातो आणि मागच्याला हाताला धरून ओढून घेतो. याला केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक तितकी चढाई जास्त. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी ३ सेंटिमीटर चढते, एक-दशांश मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर, आणि ०.०२ मिलिमीटरच्या नळीत दीड मीटर. मातीत अशा बारीक वाटा लाखोंनी असतात.

समईच्या वातीत तेल चढते ते याच तऱ्हेने. तेलाची ओढ पाण्यापेक्षा कमी, तरी चढते. पण वात नीट बघा. ज्योत पेटलेली नसेल तर तेल टोकापर्यंत येते आणि थांबते. ज्योत पेटली की वर तेल जळते, म्हणून खालून सारखे येत राहते. आणि टोकाला काय जमते? काजळी. जे जळत नाही ते तिथेच राहते.

आपली जमीन ही वात आहे. खालचे साचलेले पाणी हे तेल आणि सूर्य ही ज्योत. जमिनीखालच्या पाण्याची पातळी दीड-दोन मीटरच्या आत आली की भारी जमिनीत पाणी थेट पृष्ठभागापर्यंत चढते. ऊन पाणी उडवून नेते. पण मीठ उडत नाही. मिठाचे कण पाण्यात असतात तेव्हा प्रत्येक कणाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते. त्या कड्यात बसून ते वरपर्यंत प्रवास करतात. वर आल्यावर पाणी हवेत जाते आणि मीठ उतरते. उन्हाळ्यात सकाळी सरीच्या वरंब्यावर जे पांढरे फूल दिसते, ते हेच.

हे मीठ येते कोठून? पुष्कळसे आपणच आणतो. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख तीन हजार लिटर. विहिरीच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार असेल, तर तीन इंचांच्या एका पाळीत एकरी ३०० किलोच्या वर क्षार रानात पडतात. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांत मोजले तर जवळजवळ सात पोती, आणि तीही न मागता. अशा २५ पाळ्या झाल्या की साडेसात टनांच्या वर. ऊस पाणी घेतो, पानांतून शुद्ध पाणी उडवतो आणि बहुतेक क्षार जमिनीतच मागे सोडतो. पावसाने काही धुऊन जातात, पण खाली वाट असेल तरच. कालव्याचे पाणी बरेच गोडे असते हे खरे. मात्र ते मुबलक मिळते म्हणून जास्त दिले जाते, त्याने खालची पातळी वर येते, आणि मग जमिनीत मुळातच असलेले क्षार वर चढतात. दुखणे दोन्ही वाटांनी येते.

हे आजचे नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले आणि काही वर्षांतच त्या खोऱ्यात जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे शंभरावर वर्षे झाली, दुखणे माहीत आहे, औषध माहीत आहे, आणि आपण अजून रात्रभर पाणी लावून घरी जाऊन झोपतो. रागावू नये, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उसाला काय होते

खारट जमिनीत पाणी दिसते पण उसाला मिळत नाही, कारण मिठाच्या कणांनी पाण्याचे रेणू आपल्याभोवती गोळा केलेले असतात. मुळाला ते त्यांच्याकडून हिसकावून घ्यावे लागतात. ऊस या बाबतीत नाजूक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १.७ डेसिसायमनच्या पुढे गेली की पुढच्या प्रत्येक डेसिसायमनला उत्पन्न साधारण ६ टक्क्यांनी घटते, असा मान्य हिशेब आहे. वाहकता ६ झाली तर पाव हिस्सा गेला. एकरी ५० टनांचे रान ३७-३८ वर येते. बियाणे, खत, मशागत यांचा खर्च तोच. आपण मात्र जात बदलतो, खताचा डोस वाढवतो आणि पाणी आणखी देतो. यातल्या शेवटच्या उपायाने तर वातीला तेल मिळते.

दुसरी अवस्था चोपणाची, ती अधिक वाईट. क्षारांतले सोडियम चिकणमातीच्या कणांवर जाऊन बसते आणि कॅल्शियमला हुसकावते. कॅल्शियमवर दोन भार असतात, ते शेजारच्या पापुद्र्यांना जवळ बांधून ठेवते. सोडियमवर एकच भार, शिवाय भोवती पाण्याचे मोठे कडे. त्याला बांधणी जमत नाही. पापुद्रे सुटतात, माती विरघळल्यासारखी होते, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच साचते. घरी पाहता येईल. काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घ्या, त्यात मातीचे वाळलेले ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दुसऱ्या दिवशी पाणी निवळ असेल तर बरे. ढेकळाभोवती ढगासारखा गढूळपणा पसरून तसाच राहिला, तर सोडियम आले समजावे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ते निवळते, कारण तुरटीतल्या अॅल्युमिनियमवर तीन भार असतात. ते कणांना एकत्र आणते. जिप्समचे काम त्याच जातीचे. ते कॅल्शियम पुरवते.

पण इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. निचरा नसताना जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. कॅल्शियमने सोडियमला कणावरून उठवले, तरी ते मातीतल्या पाण्यातच राहते. त्याला धुऊन बाहेर न्यायला वाट पाहिजे. उलटही तितकेच खरे: जमिनीत सोडियम जास्त असताना जिप्समवाचून नुसते गोड्या पाण्याने क्षार धुतले, तर खारवट जमीन चोपण होऊन बसण्याचा धोका असतो. म्हणून आधी माती तपासा, मग चर खणा, मग जिप्सम किती ते ठरवा. क्रम मोडू नये. जमिनीचा सामू साडेआठच्या वर गेला असेल तर सोडियमचा संशय घ्यावाच.

आणि निचरा एकट्याचा होत नाही. तुम्ही चर काढला, पाणी शेजाऱ्याच्या बांधाला सोडले, तर भांडण ठरलेले. वरच्या अंगाच्या सभासदाने जास्त पाणी दिले की खालच्या अंगाच्याची जमीन बिघडते. वरच्याला त्याचा पत्ताही नसतो. चराला किंवा सच्छिद्र पाइपलाइनला ओढ्यापर्यंत वाट मिळायची तर मधल्या सर्वांची संमती हवी. दहा-वीस जणांनी गट करून अर्ज दिला तर आराखडा, लेव्हल आणि खर्चाचा अंदाज एकत्रित काढता येतो.

निचरा होईपर्यंत ज्योत तरी मंद करता येते. पाचट जाळू नका. सरीत पसरलेले पाचट उन्हाला मातीपासून दूर ठेवते, पृष्ठभागावरून होणारी उडवण घटते आणि मीठ वर येण्याचा वेग कमी होतो. मोकळ्या रानात वरचा थर कुळवून भुसभुशीत केला की बारीक वाटा तुटतात. मोठ्या पोकळ्यांतून पाणी चढत नाही. ठिबकने पाणी मोजून देता येते, यात शंका नाही. पण ठिबकमध्ये क्षार ओल्या गोलाच्या कडेला जमतात. पहिल्या वळवाच्या पावसात ते मुळांकडे ढकलले जातात, म्हणून हलका पाऊस पडत असताना संच बंद ठेवू नये.

विहिरीच्या पंपाहून मोठा पंप

हाच हायड्रोजन बंध उसाच्या कांडीतही काम करतो. विहिरीवरचा साधा पंप २५ फुटांच्या खालून पाणी ओढायला कुरकुरतो. हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट, उचलू शकतो. मग कॅलिफोर्नियातली शंभर मीटरहून उंच रेडवूड झाडे शेंड्याला पाणी कसे नेतात? डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ साली याचा उलगडा केला. पानातून पाणी उडते, त्या जागी मागचा रेणू ओढला जातो, त्याच्यामागे त्याच्या मागचा. मुळापर्यंत पाण्याचा अखंड दोरा ताणलेला असतो आणि हात धरलेले असल्यामुळे तो तुटत नाही. उसाच्या उंचीला हे काम सोपे आहे, पण जमिनीत मीठ असले की त्या दोऱ्याचे खालचे टोक मीठ धरून ठेवते.

फवारणी करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट राहिली. कांडीवर पांढरी मेणचट भुकटी असते, पानावरही मेणाचा थर असतो. मेणाला हात धरता येत नाही, म्हणून अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोळा होऊन घरंगळतात. द्रावणात स्टिकर मिसळला की पाण्याचा ताण कमी होतो आणि थेंब पसरतो. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच घ्यावी. जास्त झाला तर औषध पानावरून ओघळून जाते.

माती व पाण्याचे नमुने देण्याबाबत: पाण्यासाठी अर्ध्या लिटरची स्वच्छ बाटली घ्यावी, ती त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी, आणि पंप १५-२० मिनिटे चालू राहिल्यावर भरावी. औषधाची किंवा खताची बाटली चालणार नाही. मातीचा नमुना क्षारपड रानात एकाच खोलीचा घेऊ नये; वरचा एक फूट आणि त्याखालचा एक फूट असे दोन नमुने वेगळे बांधावेत. नुकतेच खत टाकलेली जागा, बांध, झाडाखालची सावली टाळावी. चांगले आणि बिघडलेले रान यांची माती एकत्र मिसळू नये. पिशवीवर सभासद क्रमांक, गट नंबर, खोली आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई ओलाव्याने पसरते.